‘खूण’ कशाची? मूत्राशयाच्या कर्करोगातील संप्रेरकनिर्मिती आणि तिची मराठी परिभाषा

पारिभाषिक संज्ञांची चर्चा मराठीत बहुधा दोनच अंगांनी होते. संज्ञा शुद्ध आहे काय, हे एक आणि ती सोपी आहे काय, हे दुसरे. संस्कृतातून घडविलेली संज्ञा जड म्हणावयाची, इंग्रजीतून उचललेली परकी म्हणावयाची, आणि वाद तेथेच सोडून द्यावयाचा, असा परिपाठ पडून गेला आहे. संज्ञा जे सांगते ते खरे आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर द्यावयाचे तर भाषेच्या अभ्यासकाला भाषेबाहेर पडून त्या त्या शास्त्राच्या अंगणात जावे लागते. शास्त्रज्ञाला शब्दाशी कर्तव्य नसते व भाषाभ्यासकाला पेशीशी नसते. ह्या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत चुकीचे शब्द निर्धास्तपणे नांदतात.

नमुन्यादाखल पुढील वाक्य घ्यावे: ‘मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी गर्भारपणाचे संप्रेरक अस्थानी निर्माण करतात, म्हणून ते संप्रेरक ह्या कर्करोगाची खूण होय.’ हे वाक्य कोणा एका लेखकाचे नव्हे. वैद्यकीय विषयावर मराठीतून लिहू पाहणाऱ्या कोणाच्याही लेखणीतून ते सहज उतरेल. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, वाचावयास सुबोध आहे आणि इंग्रजी मुळाशी प्रामाणिकही आहे. असे असूनही त्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द वाचकाला आडवाटेस नेतो. कोणता शब्द कोठे नेतो हे पाहणे एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ह्या वाक्याचा वाचक काल्पनिक नाही. पनवेल तालुक्यापुरते पाहिले तरी तो दोन ठिकाणी भेटतो. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोगाच्या उपचाराची व संशोधनाची संस्था आहे. तिचे मूळ परळला. डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि तेथेच डॉ. कमल रणदिवे ह्यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, प्रयोगशाळा उभी केली. ‘कर्करोगाच्या पेशी अमुक द्रव्य निर्माण करतात’ असे विधान करता येते ते अशा प्रयोगशाळांमुळेच. दुसरीकडे खुद्द पनवेल शहरात १८७२ पासून ‘श्री धूतपापेश्वर’ ह्या आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या संस्थेची परंपरा आहे. म्हणजे ‘ट्यूमर मार्कर’ ही संज्ञा आणि ‘अर्बुद’, ‘लिंग’, ‘साध्यासाध्यता’ ह्या संज्ञा एकाच तालुक्यात काही कोसांच्या अंतरावर वावरत आहेत. त्यांची एकमेकींशी गाठ घालून देण्याचे काम मात्र मराठी परिभाषाकारांनी फारसे केलेले नाही.

प्रथम ‘गर्भारपणाचे संप्रेरक’ हा शब्दप्रयोग पाहावा. येथे अभिप्रेत असलेले द्रव्य म्हणजे मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, संक्षेपाने एचसीजी. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक ह्यांनी गर्भवतीचे मूत्र उंदरांच्या माद्यांना टोचून गर्भधारणा ओळखण्याची रीत बसविली, तीत हेच द्रव्य काम करीत होते. त्या काळी ते डोक्यातील पोषग्रंथीतून येते असा समज होता; ते वारेतून येते हे मागाहून निश्चित झाले आणि त्याप्रमाणे नाव रूढ झाले. त्या नावात तीन विधाने दडलेली आहेत: हे द्रव्य मानवी आहे, ते जरायूचे म्हणजे गर्भवेष्टनाचे आहे, आणि ते जननग्रंथींना चेतविणारे आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात यांपैकी पहिले तेवढे खरे ठरते. तेथे जरायू नाही, हे उघडच आहे. जननग्रंथींना चेतविण्याचे काय, तेही पाहू.

एचसीजी हे दोन घटकांच्या जोडणीतून बनलेले प्रथिन आहे. त्यातील अल्फा घटक ९२ अमिनो अम्लांचा असून तो याच कुळातील आणखी तीन संप्रेरकांत जसाच्या तसा आढळतो. वेगळेपण आणतो तो १४५ अमिनो अम्लांचा बीटा घटक. जननग्रंथींवरील ग्राहकांशी संधान बांधावयाचे तर दोन्ही घटक जोडीने लागतात. मूत्राशयाच्या अर्बुदाच्या पेशी मुख्यत्वे स्रवतात तो केवळ बीटा घटक, सुटा. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सहज उमजावे. ‘कुंभकार’ शब्दातील ‘कार’ समासात जे काम करतो ते तो एकटा उभा राहून करू शकत नाही; तो बद्ध रूप आहे. बीटा घटक सुटा आढळला म्हणून त्याला पूर्ण शब्दाचा अर्थ बहाल करता येत नाही. तेव्हा ‘कर्करोगाच्या पेशी संप्रेरक निर्माण करतात’ हे विधान काटेकोरपणे पाहता चुकीचे आहे. त्या संप्रेरकाचा एक अवयव निर्माण करतात, आणि तो अवयव एकटा संप्रेरकाचे काम करीत नाही.

येथे मराठी परिभाषेतील एका जुन्या वादाला वेगळेच वळण मिळते. मराठी विश्वकोशाने ‘हॉर्मोन’ हा शब्द आहे तसा स्वीकारला. शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ पसंत केला. ‘संप्रेरक’ ही संज्ञा उत्तम घडविलेली आहे, यात शंका नाही. स्टार्लिंगने १९०५ साली ग्रीकमधील ‘गती देणे, चेतविणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून इंग्रजी शब्द रूढ केला. त्याच अर्थच्छटेचा ‘ईर्’ धातू घेऊन मराठीने आपला शब्द सिद्ध केला. परंतु पारदर्शक संज्ञेचा गुण हाच प्रसंगी तिचा दोष होतो. ‘हॉर्मोन’ शब्दातून मराठी वाचकाला काहीच दिसत नाही, त्यामुळे तो खोटेही बोलत नाही. ‘संप्रेरक’ शब्द मात्र हे द्रव्य कशाला तरी प्रेरणा देत आहे असे प्रत्येक वेळी बजावून सांगतो. जेथे प्रेरणा नाही तेथे तो बिनदिक्कत खोटी साक्ष देतो.

सुटा बीटा घटक मग करतो तरी काय? १९९४ साली एचसीजीची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा त्याच्या घटकांतील गंधकबंधांची विशिष्ट गाठ पेशींची वाढ घडविणाऱ्या काही प्रथिनांतील गाठीसारखी असल्याचे दिसून आले. त्यानंतर लंडनमध्ये रे आइल्स, टिम चार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संवर्धित पेशींवर प्रयोग केले. मूत्राशयाच्या संदर्भातील मूलभूत काम बव्हंशी ह्याच गटाचे आहे, म्हणून ह्यापुढील विवेचनाला पनवेल सोडून तिकडे जाणे भाग आहे. बीटा घटक मिसळला असता पेशींची संख्या वाढते, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. ही वाढ पेशी अधिक वेगाने विभागल्यामुळे होत नसून कमी मेल्यामुळे होते, असे २००० साली दाखविण्यात आले. पेशींच्या नियोजित मरणाला हा घटक आडकाठी करतो. म्हणजे ज्याला मराठीत ‘प्रेरक’ म्हटले जाते त्याचे येथील कार्य, प्रयोगपात्रात तरी, निवारकाचे आहे. जिवंत शरीरात हे नेमके कोणत्या मार्गाने घडते हा प्रश्न अजून मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत तरी कार्यवाचक संज्ञा न वापरता ‘एचसीजीचा बीटा घटक’ असे निव्वळ वस्तुवाचक नाव वापरणे अधिक प्रामाणिक होय.

‘गर्भारपणाचे’ ह्या विशेषणाविषयी इतकेच म्हणावयाचे की मूत्राशयाचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. पन्नाशी-साठी उलटलेल्या पुरुषाच्या तपासणी-अहवालावर हे विशेषण लागले की घरच्यांना प्रथम हसू येते आणि मग भय वाटते, दोन्ही अनाठायी. द्रव्य प्रथम जेथे सापडले तेथले नाव त्याला जन्मभर चिकटते, हा केवळ शोधाच्या क्रमाचा परिणाम आहे. भारतात डॉ. जी. पी. तलवार ह्यांनी १९७० च्या दशकात ह्याच बीटा घटकावर गर्भनिरोधक लस सिद्ध करण्याचे काम आरंभिले. पुढे तीच कल्पना कर्करोगाच्या संदर्भातही विचारात घेतली गेली, तेव्हा ‘गर्भनिरोधक’ हे नाव तोकडे पडू लागले.

यानंतर ‘अस्थानी’. मराठीत ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत: जागा सोडून असलेले, आणि औचित्य सोडून असलेले. ‘अस्थानी बोलणे’ म्हणजे चुकीच्या खोलीत बोलणे नव्हे. इंग्रजी संज्ञेत पहिलाच अर्थ प्रधान आहे. मराठीत दुसरा अर्थ आपोआप सोबत येतो आणि पेशीने काही मर्यादाभंग केल्याचा भास होतो. पण भाषांतराची ही अडचण गौण आहे. मूळ संज्ञाच डळमळीत झालेली आहे. १९७२ साली व्हायटुकायटिस, ब्राउनस्टाइन व रॉस ह्यांनी बीटा घटक वेगळा ओळखणारी मापनपद्धती प्रसिद्ध केली. तत्पूर्वी पोषग्रंथीतील एलएच हे संप्रेरक व एचसीजी यांत गल्लत होत असे. ही गल्लत होण्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. एलएचचा बीटा घटक १२१ अमिनो अम्लांचा आहे, एचसीजीचा १४५ चा. पहिल्या बऱ्याच भागात दोघांत पुष्कळ साम्य असून दुसऱ्याला जादा २४ अम्लांची शेपटी आहे. ती कशी आली ते १९८० साली फिड्स व गुडमन ह्यांनी दाखविले. उत्क्रांतीच्या ओघात जनुकातील एक अक्षर गळाले, त्यामुळे पूर्वीचा पूर्णविराम वाचला जाईनासा झाला आणि वाक्य पुढच्या निरर्थक मजकुरात घुसून लांबले. लेखनिकाच्या हातून पोथीत असे प्रकार कसे होतात हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

नवी पद्धती हाती आल्यावर अनेक अवयवांच्या कर्करोगांत एचसीजी सापडू लागले, आणि १९७३ साली त्या निर्मितीला ‘अस्थानी’ हे विशेषण लावले गेले. पुढे मोजमाप अधिक सूक्ष्म झाले तसतसे हे विशेषण निसटू लागले. मूत्राशयाच्या अस्तराच्या निरोगी पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या असता त्याही बीटा घटक स्रवतात, असे लंडनच्या गटाने १९९० साली नोंदविले. जे घरात पूर्वीपासून होते ते बाहेरून आले असे म्हणता येत नाही. कर्करोगात बदलते ते प्रमाण आणि परिस्थिती. तेव्हा ‘अस्थानी’ हे विशेषण पेशीविषयी फारसे सांगत नाही. मापनाची कुवत जेथवर पोचत होती तेथली सीमारेषा तेवढी ते दाखविते.

आता उरला तो ‘खूण’ हा शब्द, आणि वाक्यातील ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय. सारा अनर्थ ह्या दोहोंत साठलेला आहे. ‘खूण’ हा मराठीतील अत्यंत निःशंक शब्द आहे. खूण पटते, खूणगाठ बांधली जाते. ज्याची खूण दिसली तो तेथे आहेच, आणि खूण नसेल तर तो नाही, असा व्यवहार आहे. वैद्यकातील ‘मार्कर’ इतका निःशंक नसतो. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यातच हा बीटा घटक लक्षणीय प्रमाणात आढळतो. रोग दूर पसरला असता हे प्रमाण वाढते. म्हणजे पुष्कळ रुग्णांत रोग असूनही ‘खूण’ नाही. वाक्यावर विश्वास ठेवून एखाद्याने चाचणी करविली, ती निर्दोष आली आणि लघवीवाटे न दुखता पडणाऱ्या रक्ताकडे त्याने दुर्लक्ष केले, तर त्याचा जीव त्या एका शब्दाने धोक्यात घातला असे होईल. रोग आहे की नाही हे ठरते ते मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिल्याने व तुकडा काढून तपासल्याने. बीटा घटकाची चाचणी ह्या रोगाच्या नित्याच्या तपासण्यांत समाविष्टही नाही.

‘तर्कसंग्रह’ शिकलेल्या विद्यार्थ्याला येथे एक जुनी आकृती दिसल्यावाचून राहणार नाही. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती निर्दोष; पण जेथे अग्नी तेथे धूर, ही सदोष, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धूर निघावयाचा तर ओल्या इंधनाचा संयोग हवा. ह्या संयोगाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. बीटा घटकाची गोष्ट नेमकी ह्या धर्तीची आहे. तो न स्रवणारी अर्बुदे तप्त लोहगोलकासारखी होत. आणि तो स्रवणाऱ्या अर्बुदांविषयी खरी माहिती मिळते ती अग्नीच्या अस्तित्वाची नव्हे, तर इंधनाच्या जातीची. १९८९ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या निबंधांत हा घटक मुख्यतः पसरलेल्या रोगाशी निगडित असल्याचे व तो दाखविणारी अर्बुदे किरणोपचाराला कमी दाद देत असल्याचे नोंदविले आहे. पेशीमरणाला आडकाठी करणारा घटक आणि पेशी मारण्यासाठी दिलेले किरण निष्प्रभ ठरणे, ह्यांचा मेळ बसतो. मात्र मेळ बसणे म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होणे नव्हे.

न्यायशास्त्रातील दुसरे उदाहरणही येथे उपयोगी पडते: बाष्पाला धूर समजणे. रक्तातील एचसीजी मोजण्याच्या चाचणीत प्राण्यांपासून मिळविलेली दोन प्रतिपिंडे वापरतात. एक द्रव्याला पकडते, दुसरे त्यावर मोहोर उठविते. काही व्यक्तींच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की ती ह्या दोन्ही प्राणिज प्रतिपिंडांना परस्पर जोडून टाकतात. द्रव्याचा लवलेश नसताना अहवालात आकडा उमटतो. अमेरिकेत लॉरेन्स कोल ह्यांनी अशी प्रकरणे शोधून काढली. रोट्मेन्श व कोल ह्यांनी २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा १२ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांपैकी बहुतेकींवर नसलेल्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया किंवा रसायनोपचार झाले होते. ती प्रकरणे मूत्राशयाची नव्हेत, वारेपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या संशयाची होत. पण चाचणी तीच आणि ‘खूण’ शब्दावरील भरवसाही तोच. लघवीची तपासणी केली असती तर भ्रम उघड झाला असता, कारण ही मोठ्या आकाराची प्रतिपिंडे मूत्रात उतरत नाहीत.

‘खूण’ नको तर काय? ‘दर्शक’ व ‘निर्देशक’ हे पर्याय आहेत, परंतु जे असते तेच दर्शविले जाते, हा भाव त्यांतही आहे. ‘लक्षण’ शब्द वैद्यकाने रुग्णाला जाणवणाऱ्या त्रासासाठी राखून ठेवला आहे. तथापि बोलीतील ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’ हा प्रयोग विसरता येत नाही. त्यात निदान नसून पुढे काय होईल ह्याचा अदमास आहे, आणि बीटा घटकाचा उपयोग असलाच तर तो ह्याच जातीचा आहे. आयुर्वेदाने हा भेद फार पूर्वी नावांनिशी केला. रोग ओळखविणारे ते ‘रूप’ किंवा ‘लिंग’; रोग आटोक्यात येईल की नाही ह्याचा विचार ती ‘साध्यासाध्यता’; आणि मृत्यूची निश्चित पूर्वसूचना ते ‘अरिष्ट’. चरकसंहितेचे संपूर्ण इंद्रियस्थान ह्या शेवटच्या प्रकाराला वाहिलेले आहे. (अरिष्ट म्हणजे बाटलीतील औषध, एवढेच आज ठाऊक असते, अशोकारिष्ट घेणाऱ्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगू नये हे बरे.) आधुनिक परिभाषाकारांनी आयुर्वेदाकडून ‘अर्बुद’ घेतला, पण हा भेद घेतला नाही. वस्तूंची नावे उचलली व विचाराची नावे मागे ठेवली. ‘अरिष्ट’ येथे अर्थातच चालणार नाही; त्यात अटळपणा आहे आणि बीटा घटकात केवळ संभाव्यता. ‘साध्यतासूचक’ ही संज्ञा मात्र विचारार्ह वाटते. ‘सूचक’ शब्दात मराठीला सुचविणे ऐकू येते, सांगणे नव्हे; आणि ‘साध्यता’ हे पद काय सुचविले जात आहे ते मर्यादित करते. निदानाला उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांना ‘निदानसूचक’ म्हणता येईल, आणि मग एकाच ‘मार्कर’ शब्दाखाली दडलेल्या दोन निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या दिसतील.

ह्या दृष्टीने आरंभीचे वाक्य असे होईल: ‘मूत्राशयाच्या काही कर्करोगांच्या पेशी एचसीजीचा बीटा घटक सुटा व वाढत्या प्रमाणात स्रवतात, तो आढळल्यास रोग आक्रमक वळणाचा असण्याची शक्यता अधिक, न आढळल्यास रोग नाही असे ठरत नाही.’ वाक्य लांबले, हा आक्षेप खरा आहे. मथळ्यात ते बसणार नाही, हेही खरे. पण आखूड वाक्यात जे गाळले गेले होते ते अलंकरण नव्हते, अटी होत्या.

नवी संज्ञा बोलीत लगेच रुळेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. रुग्णालयात मराठी माणूस ‘मार्कर’ हाच शब्द वापरतो. तो वापर मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. ‘मार्कर सापडला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मार्कर वाढला’, ‘मार्कर उतरला’ असे म्हणतात, जसे तापाविषयी म्हणतात. खूण वाढत नाही आणि उतरत नाही. ती असते किंवा नसते. चढणारी-उतरणारी वस्तू मात्र पुन्हापुन्हा पाहावी लागते आणि कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहावा लागतो. ज्याच्या अर्बुदातून बीटा घटक स्रवतो हे आधी ठाऊक आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत त्या आकड्याचा जो काही उपयोग संभवतो तो असाच.